किन्हीराजा ते बुद्ध सर्किट

मुलांनो, महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या. त्यात वाशीम जिल्हा शोधा. सापडला? आता त्यातला मालेगाव तालुका. (नाशिककडचं मोठं मालेगाव नव्हे बरं का! हे आमचं वेगळं.) या तालुक्यात आमचं किन्हीराजा आहे. नागपूरहून जालना-संभाजीनगरकडे जाणारा जुना मोठा रस्ता आमच्या गावावरूनच जातो. कारंजा, शेलूबाजार, मग किन्हीराजा, पुढे मालेगाव आणि मेहकर. लहानपणी आम्ही पोरं रस्त्याच्या कडेला बसून ट्रकांच्या पाट्या वाचायचो आणि कुठल्या राज्याचा ट्रक ते ओळखायचो. आता पुष्कळशी वाहनं समृद्धी महामार्गानं जातात. तोही आमच्याच भागातून गेला आहे. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला.

या जुन्या रस्त्याला लागून माझ्या दादाचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे काय, पत्र्याचं एक शेड, हवा भरायचा कॉम्प्रेसर आणि पान्यांनी भरलेली एक लोखंडी पेटी. दादा मोटरसायकली दुरुस्त करतो. शाळा सुटली की माझी पुतणी दप्तर घरात टाकते आणि थेट गॅरेजात. दादानं हात पुढे केला की कोणता पाना द्यायचा, हे तिला सांगावं लागत नाही. इंजिनचा आवाज ऐकून ‘चेन ढिली हाय’ असं ती सांगते, आणि दहापैकी आठ वेळा ते खरं निघतं.

ही गोष्ट २०२३ सालची. तेव्हा ती आठवीत होती.

जून-जुलैचे दिवस. पेरणीची गडबड. एके दिवशी ती माझ्याकडे फोन घेऊन धावत आली. “काका, मोटोजीपी आपल्या देशात येऊन राह्यली! सप्टेंबरमध्ये!”

मोटोजीपी म्हणजे मोटरसायकलींची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. १९४९ पासून ती चालू आहे. वर्षभरात वेगवेगळ्या देशांत शर्यती होतात, प्रत्येक शर्यतीचे गुण मिळतात आणि वर्षअखेर ज्याचे गुण जास्त तो जगज्जेता. त्या वर्षी २२ ते २४ सप्टेंबरला ती पहिल्यांदाच भारतात होणार होती, उत्तर प्रदेशात ग्रेटर नोएडाला, बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर. तो जिल्हा गौतम बुद्ध नगर, म्हणून सर्किटला बुद्धांचं नाव. एवढ्या गोंगाटाच्या जागेला हे नाव, याची मला गंमत वाटते!

“तिकीट आठशेपासून हाय काका,” ती म्हणाली. मग जरा विचार करून तिनं विचारलं, “पण काका, पटाले तिकीट नसते. मंग याले काहून असते?”

पट म्हणजे शंकरपट. विदर्भातल्या मुलांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. बैलजोडी सरळ पट्टीवर पळवायची आणि तिला किती सेकंद लागले ते मोजायचं, असा हा खेळ. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट फार प्रसिद्ध आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं या शर्यती थांबल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला अंतिम निकालही शर्यतींच्या बाजूनं लागला. त्यामुळे त्या उन्हाळ्यात आमच्याकडे जिकडेतिकडे पटाचीच चर्चा होती. मी आजवर पाहिलेल्या एकाही पटाला तिकीट नव्हतं. शेताच्या बांधावर उभं राहायचं आणि ओरडायचं!

मास्तर असूनही मला तिच्या प्रश्नाचं चांगलं उत्तर देता आलं नाही. “खुर्चीचे पैसे असतात,” असं काहीतरी मी बोललो.

तिकिटाच्या आकड्यावरून मला एक जुनी गोष्ट आठवली. याच सर्किटवर ३० ऑक्टोबर २०११ ला भारतातली पहिली फॉर्म्युला वन मोटर शर्यत झाली होती. हर्मन टिल्के नावाच्या जर्मन वास्तुरचनाकारानं हा ५.१२५ किलोमीटरचा मार्ग आखला. पहिल्याच शर्यतीत आपला नारायण कार्तिकेयन धावला होता आणि विजेत्याला निशाण दाखवायला सचिन तेंडुलकर उभा होता. विजेता होता जर्मनीचा सेबास्टियन व्हेटेल. पुढे २०१२ आणि २०१३ लाही तोच जिंकला. तेव्हाची तिकिटं अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती. मी त्या वेळी नुकताच शिक्षणसेवक झालो होतो. मानधन महिन्याला तीन हजार रुपये! पेपरमधली ती बातमी मी शाळेच्या व्हरांड्यात दोनदा वाचली आणि घडी घालून ठेवून दिली.

त्या तिकिटावरून न्यायालयातही वाद झाला होता. शर्यत हा खेळ की करमणूक? खेळ असेल तर करात सूट, करमणूक असेल तर सिनेमासारखा करमणूक कर. शेवटी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, तिकीटविक्रीच्या पैशांपैकी २५ टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. तीन वर्षांनंतर फॉर्म्युला वन इथून गेली ती गेलीच. म्हणजे बघा, एवढ्याशा तिकिटाच्या मागे केवढा हिशेब असतो!

असो. आमची खरी अडचण पैशांची नव्हती. अडचण होती दादाची.

ही गोष्ट सांगावी की नाही, यावर मी बराच विचार केला. पण ती सोडली तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. २००४ साली दादा एकवीस वर्षांचा होता. त्याचा एक जिवलग मित्र होता. दोघांकडे मोटरसायकली. एका संध्याकाळी पन्नास रुपयांची पैज लागली: किन्हीराजाहून शेलूबाजारच्या दिशेनं, ठरलेल्या झाडापर्यंत आधी कोण पोचतो. रस्त्याच्या कडेला आम्ही सात-आठ पोरं बघायला उभी होतो. मी पंधरा वर्षांचा. गाड्या सुटल्या तेव्हा टाळ्या मीही वाजवल्या. पुढे वळणावर समोरून बैलगाडी आली. अंधार पडत होता, गाडीला कंदील नव्हता. दादाच्या पायात सळई घालावी लागली. त्याचा मित्र वाचला नाही.

तेव्हापासून दादा गाडी चाळीसच्या पुढे नेत नाही. सायलेन्सरमधला भाग काढून आवाज वाढवून मागणाऱ्या पोरांना तो गॅरेजातून हाकलून देतो. त्यात १ जुलै २०२३ ला पहाटेच्या अंधारात समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. आमच्यापासून ते ठिकाण काही फार लांब नाही. सगळा भाग सुन्न झाला होता. अशा वेळी घरात शर्यतीचा विषय काढणार कोण?

पुतणीनंच काढला. दादा एवढंच म्हणाला, “आपल्या घरातून शर्यत पाह्यले कोनी जाणार नाही.” आणि ताटावरून उठला.

मध्यंतरी आणखी एक भानगड झाली. गॅरेजात येणाऱ्या एका मुलानं पुतणीला सांगितलं, एक माणूस अर्ध्या किमतीत पास देतो, फोनवर कोड पाठवतो, तो स्कॅन करून पिन टाकायचा. हिनं माझा फोन मागितला तेव्हा मला कळलं. मुलांनो, एक लक्षात ठेवा. कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे येत नसतात, जात असतात! मी तो निरोप पुसून टाकला. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मार्ग काढला आमच्या आईनं, म्हणजे पुतणीच्या आजीनं. एका रात्री ती दादाला म्हणाली, “पोरगी मोटरसायकलीचा नाद काही सोडनार नाही. तू शिकोलं तिले. आता तू संगं जाशीन तं पोरगी जाईन. नाही तं नाही.”

दादा काही बोलला नाही. सकाळी गॅरेज उघडताना मला म्हणाला, “तीन काढ.”

तीन तिकिटं काढायची म्हणजे एक मोहीमच झाली. घरात रेंज येत नाही, म्हणून आम्ही स्लॅबवर चढलो. पडद्यावर सर्किटचा नकाशा उघडला. पुतणी म्हणाली, “हा तं साप गिळून पडलेला अजगर दिसते!” कडेनं रंगीत चौकोन: हे स्टँड एवढ्याचं, ते तेवढ्याचं. मोठ्या सरळ रस्त्यासमोरचं सगळ्यात महाग. आकडे थेट चाळीस हजारांपर्यंत गेले होते. मला वाटलं, स्वस्तात बसलो तर काहीच दिसणार नाही. पण पुतणीचा हिशेब वेगळाच होता.

“काका, सरळ रस्त्यावर गाडी सर्र्कन जाते. एक सेकंदही दिसनार नाही. वळणावर ब्रेक मारावाच लागते. तिथं दिसते!”

मला पटलं. गणितात तिला पैकीच्या पैकी द्यावेत असं वाटलं. ताशी ३०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८३ मीटरहून जास्त. डोळ्याचं पातं लवायच्या आत गाडी आपल्या शाळेच्या मैदानापार! वळणावर तीच गाडी ताशी शंभरच्या आसपास येते. तेव्हा तुम्हीही कधी अशा शर्यतीला गेलात तर आधी नकाशा बघा आणि वळण निवडा. शिवाय समोर मोठा पडदा कुठे आहे, तेही पाहा.

वळणावरच्या स्वस्तातल्या तीन जागा निवडल्या. वर घड्याळ उलटं धावू लागलं. एवढ्या मिनिटांत पैसे भरा, नाहीतर जागा गेल्या. बँकेचा सांकेतिक आकडा काही येईना. मी फोन हातात धरून स्लॅबच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात फिरतोय, खाली आई ‘पडशीन बाप्पा!’ म्हणून ओरडतेय. आकडा आला तेव्हा वेळ संपली होती. दुसऱ्यांदा पुतणीनं फोन पाण्याच्या टाकीवर ठेवला आणि काम झालं! दुसऱ्या दिवशी मालेगावच्या झेरॉक्सच्या दुकानातून मी त्याची रंगीत प्रत काढून आणली. फोनचा काय भरवसा?

तिनं स्वतःच्या डब्यातले पैसे आणून माझ्यापुढे ओतले. सगळी नाणी. एक हजार एकशे चाळीस रुपये भरले. मी ते घेतले. न घेणं बरं दिसलं नसतं.

आता दुसरी अडचण पाहा. त्या वर्षी गणपती १९ सप्टेंबरला बसले आणि शुक्रवारी, २२ तारखेला आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण. (तुमच्याकडे ज्येष्ठा गौरी म्हणत असतील.) विदर्भात या सणाला घरातलं माणूस बाहेरगावी असलं तर येतं, जात नाही! सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी, पंगतीला सगळं गाव. म्हणून ठरलं की शुक्रवारी जेवणं आटोपून निघायचं आणि रविवारची मुख्य शर्यत तेवढी पाहायची. शुक्रवार-शनिवारचा सराव सोडायचा. मी तीन दिवसांची किरकोळ रजा टाकली. रजेच्या अर्जात कारण लिहिलं, ‘घरगुती काम’. तसं ते खोटंही नव्हतं.

संध्याकाळी एसटीनं निघालो. मालेगाव, मेडशी, पातूर, अकोला. अकोल्याहून रेल्वेनं भुसावळ. तिथं रात्री उशिरा पंजाब मेल पकडली. वहिनीनं पुरणपोळ्यांचा डबा दिला होता, तो दुसऱ्या दिवशी ग्वाल्हेरपर्यंत पुरला. खांडवा, इटारसी, भोपाळ, झाशी. मुरैना सोडल्यावर चंबळ नदी लागते. दोन्ही काठांना मातीचे घळईच घळई. पुतणी खिडकीची जागा सोडायला तयार नव्हती.

गाडीत दादानं अचानक मला विचारलं, “तू मास्तर हायेस. पोरीनं विचारलं होतं ना, तिकीट काहून असते म्हणून? सांग मंग.”

तिकिटं काढल्यापासून मी त्यावर थोडं वाचलं होतं. मी त्याला मिल्ले मिलियाची गोष्ट सांगितली. इटलीत पूर्वी ही मोटर शर्यत होत असे. नावाचा अर्थ हजार मैल. ती साध्या रस्त्यांवरून, गावागावांतून जायची. लाखो लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहायचे. १२ मे १९५७ ला ग्विदित्सोलो गावाजवळ एका फेरारीचं टायर फुटलं आणि गाडी गर्दीत घुसली. चालक आणि त्याचा साथीदार गेले. बघायला उभी असलेली नऊ माणसं गेली. त्यांतली पाच लहान मुलं होती. त्यानंतर ती शर्यत तशी पुन्हा झाली नाही. त्याआधी १९५५ साली फ्रान्समध्ये ल मां इथं याहून भयंकर अपघात झाला होता. ऐंशीहून जास्त प्रेक्षक गेले. तिथं तिकीट होतं, पण प्रेक्षक आणि गाड्या यांच्यामध्ये होता फक्त मातीचा बुटका बांध. स्वित्झर्लंडनं तर त्यानंतर आपल्या देशात अशा शर्यतींवर बंदीच घातली.

दादा ऐकत होता. बराच वेळ त्यानं काही विचारलं नाही. मग म्हणाला, “तुम्ही पोट्टे किती होते त्या दिवशी रस्त्यावर?”

“सात-आठ,” मी म्हणालो.

एकोणीस वर्षांत आम्ही दोघं त्या संध्याकाळबद्दल पहिल्यांदा बोललो, ते एवढंच. आग्र्याला गाडी थांबली तेव्हा तो उतरला आणि पेठ्याचे दोन डबे घेऊन आला.

रात्री दिल्लीत उतरलो. स्टेशनजवळच्या साध्या लॉजवर झोपलो. रविवारी सकाळी मेट्रो. राजीव चौकाला गाडी बदलून निळ्या मार्गानं नोएडा, तिथं उतरून थोडं चालून दुसरी मेट्रो, आणि परी चौक. तिथून पुढे बस. पुतणीच्या भाषेत सांगायचं तर ‘दिल्लीले गाड्या जमिनीखालून जातेत, नोएडाले आभाळातून!’ यमुना एक्सप्रेसवेच्या कडेला सर्किटचे मोठाले स्टँड दिसू लागले. आजूबाजूला मोकळी रानं. ही जमीनही एकेकाळी शेतकऱ्यांचीच. समृद्धीसाठी गेली तशी. दादा बाहेर बघत म्हणाला, “जमीन काळी नाही, पण चांगली असन.” शेतकऱ्याचा पोरगा, दुसरं काय पाहणार?

दारावर तपासणी झाली, कागद दाखवला, आत गेलो. ऊन असं की विचारू नका. वाशीमच्या मे महिन्यासारखं, वर दमटपणा. या उष्म्यामुळेच मुख्य शर्यतीच्या फेऱ्या २४ वरून २१ केल्या होत्या.

आमच्या जागेवरून एक वळण, त्याच्या आधीचा थोडा उतार आणि लांबवर मोठा पडदा एवढं दिसत होतं. आधी छोट्या गाड्यांच्या शर्यती झाल्या, मोटो-थ्री आणि मोटो-टू. त्या पाहताना दादाचं लक्ष गाड्यांकडे नव्हतंच. तो रस्त्याच्या कडा बघत होता. वळणाच्या बाहेरच्या बाजूला मोकळी जागा, मग खडीचा मोठा पट्टा, मग हवेनं भरलेल्या गाद्या, मग भिंत, मग उंच जाळी, आणि त्यामागे कितीतरी अंतरावर आम्ही. ठिकठिकाणी निशाणं घेऊन उभी माणसं. पिवळं निशाण म्हणजे पुढे धोका, कोणी कोणाला ओलांडायचं नाही. लाल म्हणजे शर्यत थांबवा. रुग्णवाहिका तयार. मोटो-थ्रीत एक जण घसरला. गाडी एकीकडे, स्वार एकीकडे, दोघंही खडीत रुतले. निशाणवाली माणसं धावली. तो पोरगा उठला, अंग झटकलं आणि चालत बाहेर गेला.

दादा उभाच राहिला. “चालत गेला?” त्यानं मला विचारलं.

पुतणीनं सांगितलं, “बाबा, त्यायच्या कपड्यात हवेची पिशवी असते. पडताच फुगते.” आणि ते खरं आहे. मोटोजीपीत २०१८ पासून अशी पिशवी असलेला चामड्याचा पोशाख सक्तीचा आहे.

साडेतीनला मुख्य शर्यत. मुलांनो, त्या आवाजाचं वर्णन कसं करू? कानांनी ऐकू येण्याआधी तो छातीला कळतो. दादाच्या गॅरेजात येणारी नेहमीची गाडी शंभर सीसीची. या हजार सीसीच्या, चार सिलिंडरच्या. आणि वजन? कमीत कमी १५७ किलो. म्हणजे आपल्या साध्या गाडीहून पन्नासेक किलोच जास्त, आणि धावते ताशी साडेतीनशेच्या घरात! वळणावर येताना स्वार असा झुकतो की त्याचं कोपर जमिनीला टेकतं. पुतणी म्हणाली होती तसंच झालं. सरळ रस्त्यावरचं आम्हाला काही दिसलं नाही, पण वळणावर प्रत्येकाचा नंबर वाचता येत होता. बहात्तर, एकोणनव्वद, वीस.

बहात्तर नंबरचा इटलीचा मार्को बेझेक्की पुढे निघून गेला तो कुणाच्या हाती लागलाच नाही. अर्ध्याहून जास्त शर्यत झाल्यावर दुसऱ्या क्रमांकावर असलेला, आधीच्या वर्षीचा जगज्जेता फ्रान्सिस्को बान्याया घसरून पडला. सगळं स्टँड ‘हाय!’ म्हणून ओरडलं. पडद्यावर तो उठताना दिसला, पण त्याची शर्यत संपली होती. शेवटच्या फेरीत दुसऱ्या जागेसाठी स्पेनचा होर्हे मार्टिन आणि फ्रान्सचा फाबियो क्वार्तारारो यांची झुंज झाली. मार्टिन जरा बाहेर गेला, क्वार्तारारो पुढे सरकला, आणि मार्टिननं ती जागा पुन्हा हिसकावली. उन्हानं त्याची हालत एवढी झाली होती की शर्यत संपल्यावर त्याला धड उभं राहवेना.

लोक नाचत होते. पुतणीचा घसा बसला होता. दादा मात्र खाली, रिकाम्या झालेल्या वळणाकडे बघत बसला होता. पाय लांब करून सळईच्या जागेवरून हात फिरवत होता.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही,” तो म्हणाला. “इथं समोरून कोनीच येत नाही ना. सगळे एकाच दिशेनं.”

पुतणी आमच्या दोघांकडे बघत होती. तिच्या प्रश्नाचं उत्तर तिला मिळालं की नाही, मी विचारलं नाही.

परतीचा प्रवास तोच, फक्त पुरणपोळ्या नव्हत्या. मंगळवारी किन्हीराजाला पोचलो. महालक्ष्म्या जाऊन तीन दिवस झाले होते, गणपती अजून बसलेलेच होते. आईनं आमच्यासाठी आरती थांबवून ठेवली होती. आरती झाली, दादानं पेठ्याचा एक डबा देवापुढे ठेवला आणि दुसरा घेऊन बाहेर पडला. वहिनीनं मला खुणेनं विचारलं, कुठं? मलाही ठाऊक नव्हतं. नंतर कळलं, तो त्याच्या मित्राच्या घरी गेला होता. तिथं त्या मित्राची आई एकटीच राहते. एकोणीस वर्षांत दादानं तो उंबरठा ओलांडला नव्हता. गल्ली बदलून जायचा. काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही. दोन दिवसांनी त्या माउलीनं डबा परत पाठवला. रिकामा नाही, भाजलेल्या शेंगा भरून.

तिकिटाची रंगीत प्रत आता गॅरेजात पान्यांच्या पेटीच्या वर खिळ्याला लटकली आहे. तेलाच्या बोटांचे डाग पडून निम्मी अक्षरं गेलीत. सायलेन्सर काढून मागणाऱ्या पोरांना दादा हल्ली हाकलत नाही. बसवतो, आणि खडीचा पट्टा, गाद्या, निशाणं असं सगळं हातवारे करून सांगतो. पोरं ऐकतात. काही पुन्हा येतात, काही दुसऱ्या गॅरेजात जातात.

दुसऱ्या वर्षीसाठी पुतणीनं लगेच पैसे साठवायला घेतले होते. पण २०२४ ची भारतातली शर्यत रद्द झाली आणि २०२५ लाही ती झाली नाही. म्हणजे आमची तिकिटं भारतातल्या पहिल्या मोटोजीपीची तर होतीच, पण अजून तरी एकमेव मोटोजीपीची! पैशांचा डबा मात्र तिनं फोडलेला नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला एक सर्किट आहे, तिथं आपल्या राष्ट्रीय मोटरसायकल शर्यती होतात. मुलीही धावतात. तिला आता ते पाहायचं आहे. या वेळी दादानं स्वतःच रेल्वेचं वेळापत्रक मागवलं.  मी सणांच्या तारखा बघून ठेवल्या आहेत.